फोटोतली गाठ आणि झोपलेलं मूल

पाच वर्षांच्या मुलाला 'मामा' म्हणायला सांगितलं आणि ऐकू आलं 'बाबा'. 'नाना' म्हणायला सांगितलं तर त्याचं झालं 'दादा'. नाक सतत चोंदलेल्या मुलांच्या बोलण्यात हे हमखास आढळतं. म आणि न ही अनुनासिकं आहेत. ती उच्चारताना मऊ टाळू खाली येतो आणि आवाज नाकावाटे बाहेर पडतो. नाकामागची वाटच बंद असेल, तर मूल ओठ 'म'साठी मिटतं, पण उमटतो 'ब'. जीभ 'न'साठी दातांमागे टेकते, पण उमटतो 'द'. 'आई' या शब्दात अनुनासिक नाही, म्हणून तो तेवढा शाबूत राहतो. याच्या जोडीला आणखी एक साधी गोष्ट करता येते. थंड स्टीलचा चमचा मुलाच्या नाकाखाली आडवा धरायचा आणि तोंड मिटून श्वास सोडायला सांगायचं. नाक मोकळं असेल तर चमच्यावर दोन्ही बाजूंना वाफेचे डाग धरतात. चोंदलेलं असेल तर चमचा जवळजवळ कोरडा राहतो आणि मूल घाईघाईनं तोंड उघडतं. या दोन्ही गोष्टी नाक बंद आहे एवढंच सांगतात, ते का बंद आहे हे सांगत नाहीत. तरीही प्रकरणाच्या सुरुवातीलाच त्या सांगण्याचं कारण आहे. वाढलेल्या अ‍ॅडिनॉइडचा निर्णय मुलाच्या श्वासावरून, झोपेवरून आणि कानांवरून घ्यायचा असतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा एका एक्स-रेवरून घेतला जातो.

अ‍ॅडिनॉइडला बोलताना आपण 'गाठ' म्हणतो आणि त्या शब्दानंच निम्मी भीती घरात शिरते. ही गाठ रोगाची नाही. प्रत्येक मूल ती घेऊनच जन्माला येतं. नाकाच्या मागे, मऊ टाळूच्या वर, घशाच्या छताला चिकटलेला हा मऊ, खाचाखाचांचा उंचवटा असतो. टॉन्सिल्स ज्या ऊतकाच्या बनलेल्या असतात त्याच ऊतकाचा हाही बनलेला. नाकातोंडाच्या मागे अशा ऊतकाचं एक कडंच आहे. १८८४ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. श्वासाबरोबर आत येणाऱ्या जंतूंची पहिली ओळख इथे होते आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार करण्याचं काम इथे सुरू होतं. लहानपणी प्रत्येक सर्दी-खोकला शरीराला नवा असतो. त्यामुळे हे ऊतक राबतं आणि राबता राबता फुगतं. साधारण तीन ते सात या वयात ते सर्वांत मोठं असतं. पुढे ते ओसरू लागतं आणि वयात येईपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ नाहीसं होतं. आ करून टॉर्च मारला तर टॉन्सिल्स दिसतात, अ‍ॅडिनॉइड दिसत नाही, कारण ते पडजिभेच्या मागे, वरच्या अंगाला लपलेलं असतं.

म्हणजे प्रश्न गाठीच्या आकाराचा कमी आणि जागेचा जास्त आहे. चार वर्षांच्या मुलाची नाकामागची पोकळी लहान असते आणि नेमकं तेव्हाच अ‍ॅडिनॉइड मोठं असतं. मूल वाढतं तशी पोकळी ऐसपैस होते. एक्स-रे या दोन्हींचं प्रमाण दाखवतो, आणि तेही एका क्षणाचं. मानेचा बाजूनं फोटो काढताना मूल रडत असेल, आवंढा गिळत असेल, तर मऊ टाळू वर उचलला जातो आणि वाट आहे त्याहून अरुंद दिसते. सर्दीत काढलेला फोटो आणि सर्दी उतरल्यावर तीन आठवड्यांनी काढलेला फोटो यांत फरक पडू शकतो. नाकातून घालायची बारीक, लवचीक दुर्बीण हल्ली बऱ्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे असते. पालकाच्या मांडीवर बसवून मिनिटभरात होणारी ती तपासणी अधिक विश्वासार्ह आहे, कारण तिच्यात श्वास चालू असताना वाट किती उघडी आहे हे दिसतं. पण दुर्बिणीतही दिसतो तो आकारच. 'ग्रेड ३' हे शब्द वाचून आईबापांच्या पोटात गोळा येतो खरा, पण त्या आकड्याचा मुलाला होणाऱ्या त्रासाशी असलेला संबंध सैल आहे. मोठं अ‍ॅडिनॉइड असलेली काही मुलं निवांत झोपतात, तर मध्यम आकाराच्या अ‍ॅडिनॉइडनं काहींची रात्र बिघडते.

या दुखण्याचा इतिहास आकाराच्या मागे लागण्याचाच इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात मोठ्या चांगल्या हेतूनं झाली. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांच्याकडे ऐकू कमी येणारी, नाक बंद असलेली, आवाजाला काही नादच नसलेली एक तरुणी आली होती. मेयर यांनी टाळूमागे बोट घालून चाचपलं, तेव्हा हाताला मऊ, लिबलिबीत वाढ लागली. ती त्यांनी काढली. १८६८ साली त्यांनी हे निरीक्षण डॅनिश भाषेत छापलं, दोन वर्षांनी ते इंग्रजीत आलं, आणि तोवर मंद, बहिरी, आळशी म्हणून हिणवल्या गेलेल्या कितीतरी मुलांच्या त्रासाला एक कारण सापडलं. ही मुलं मंद नव्हती. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि रात्री झोप लागत नव्हती. पुढे कोपनहेगनमध्ये मेयर यांचा पुतळा उभारला गेला, तो या कामासाठीच.

पण एकदा कारण सापडलं की ते सगळीकडे दिसू लागतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात युरोप-अमेरिकेत टॉन्सिल्स आणि अ‍ॅडिनॉइड काढणं हा बालपणाचा एक विधीच होऊन बसला होता. जून १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या एका शाळेत डॉक्टरांनी मुलांची अ‍ॅडिनॉइडं काढली. त्यानंतर 'शाळेत मुलांचे गळे कापताहेत' अशी अफवा उठली आणि हजारो स्थलांतरित आया शाळांवर धावून गेल्या. अफवा खोटी होती. पण ज्यांना परक्या भाषेत धड काही समजावून सांगितलेलं नव्हतं, त्या बायकांची भीती खोटी नव्हती. १९३४ साली त्याच शहरात अकरा वर्षांच्या एक हजार मुलांची पाहणी झाली. ६११ मुलांच्या टॉन्सिल्स आधीच काढलेल्या होत्या. उरलेली ३८९ मुलं शाळेच्या डॉक्टरांना दाखवली, तर त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सुचवलं. ज्यांना 'गरज नाही' असं सांगितलं गेलं, ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली, तेव्हा त्यांतल्या ९९ जणांना ऑपरेशन सुचवलं गेलं. राहिलेली ११६ मुलं तिसऱ्या फेरीला गेली आणि त्यांतल्याही ५१ जणांवर शिक्का पडला. दर फेरीत साधारण ४५ टक्के! डॉक्टर मुलं तपासत होते, पण ठरत होतं ते डॉक्टरांच्या सवयीनं. १९३८ साली ब्रिटनमध्ये जे. अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी शाळकरी मुलांच्या टॉन्सिल्सच्या ऑपरेशनांचे आकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा केले. शेजारशेजारच्या गावांमध्ये अनेक पटींची तफावत निघाली, आणि तिला रोगाचं कोणतंच कारण सापडेना. लंडनजवळच्या हॉर्न्सीमध्ये शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले आणि ऑपरेशनांची संख्या एका वर्षात दहाव्या हिश्शाच्याही खाली आली. मुलांचं त्यामुळे काही बिघडल्याचं दिसलं नाही.

हे वाचून 'म्हणजे ऑपरेशन ही लूटच' असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो मेयर यांच्या त्या तरुणीवर अन्याय होईल. या हकिकतींतून एवढंच सिद्ध होतं की आकार पाहून निर्णय घेतला तर तो भरकटतो. मग कशावरून घ्यायचा? पहिली साक्ष झोपेची. दहातलं एखादं मूल नेहमी घोरतं, पण झोपेत श्वास अडण्याचा खरा विकार शंभरांत एक ते सहा मुलांनाच असतो. ती मुलं ओळखायची तर रात्री दिवा मंद करून पंधरा मिनिटं मुलाशेजारी बसावं. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी घामानं ओली. घोरणं लयीत चालू असताना मध्येच थांबतं. छाती तर हलत असते, फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असते, पण श्वास येत नाही. मग एक आचका, कूस बदलणं, आणि पुन्हा तेच. मोठ्या माणसाला असं झालं तर तो दिवसा पेंगतो. मूल उलट जास्तच चिडचिडं, अस्वस्थ, कुठेच लक्ष न लागणारं होतं. कधी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, कधी वजन वाढत नाही. मोबाइलवर काढलेलं असं दोन मिनिटांचं चित्रण तज्ज्ञाला दाखवलं, तर त्याचा एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त उपयोग होतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. श्वास अडतो, प्राणवायू कमी पडतो, तर वाट कसली बघायची? मेंदूवर परिणाम झाला तर? हा प्रश्न प्रयोगानं सोडवायचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांची चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांच्या टॉन्सिल्स आणि अ‍ॅडिनॉइड लगेच काढली, निम्म्यांना सात महिने देखरेखीखाली ठेवलं. लक्ष आणि नियोजन तपासणाऱ्या परीक्षांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण वागणूक, घोरणं, एकूण स्वास्थ्य यांत ऑपरेशन झालेली मुलं स्पष्टपणे पुढे होती. त्यांतल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सुधारून सामान्य झाली, आणि वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्के मुलांची झाली. सौम्य त्रासाच्या ४५९ मुलांवरची दुसरी चाचणी २०२३ साली आली. तिथेही लक्षाच्या परीक्षेत फरक नाही, पण झोप, वागणूक आणि रक्तदाब यांत ऑपरेशनच्या बाजूनं कौल. हे आकडे दोन्ही बाजूंच्या अतिरेकाला आवर घालतात. काही महिने थांबल्यानं मुलाची बुद्धी वाया जात नाही, म्हणून 'उद्याच ऑपरेशन करा' हा दबाव चुकीचा. तसंच त्रास खरा असेल तर ऑपरेशननं तो खरोखर कमी होतो, म्हणून 'मोठा झाला की आपोआप जाईल' हे उत्तरही अपुरं. मात्र ज्यांचा प्राणवायू रात्री फार खाली जातो, अशा मुलांना पहिल्या चाचणीत घेतलेलंच नव्हतं. डाउन सिंड्रोम, लहान जबडा, स्नायूंचे विकार असलेली किंवा वजन न वाढणारी मुलं यांच्या बाबतीत सहा महिने वाट पाहण्याचा सल्ला या आकड्यांच्या आधारे देता येत नाही.

दुसरी साक्ष कानांची. कानाच्या पडद्यामागची पोकळी आणि नाकामागची जागा यांना जोडणारी एक नळी असते. मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, आणि तिचं तोंड अ‍ॅडिनॉइडच्या अगदी शेजारी उघडतं. ती नीट उघडेनाशी झाली की पडद्यामागे चिकट पाणी साचतं. कान दुखत नाही, वाहत नाही. मूल फक्त टीव्हीजवळ सरकतं, 'काय?' असं पुन्हा पुन्हा विचारतं, वर्गात मागच्या बाकावर बसलं तर हरवल्यासारखं दिसतं. दोन्ही कानांत बोटं घालून दिवसभर वावरावं, तसं ते ऐकणं असतं. भाषा शिकण्याच्या वयात हे महिनोन्‌महिने चालू राहणं ही किरकोळ गोष्ट नाही. हे पाणी बऱ्याचदा आपणहून उतरतं, म्हणून तीन महिने थांबून श्रवणचाचणी पुन्हा करायची पद्धत आहे. त्यानंतरही ऐकणं कमीच असेल, तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवणं आणि चार वर्षांच्या पुढच्या मुलांत त्याबरोबर अ‍ॅडिनॉइड काढणं याला चांगला आधार आहे. विशेष म्हणजे १९८०च्या दशकात टेक्सासमधल्या चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात कानांना होणारा हा फायदा अ‍ॅडिनॉइडच्या आकारावर अवलंबून नसल्याचं दिसलं. लहान अ‍ॅडिनॉइड काढूनही कान सुधारले! नळीच्या तोंडाशी जंतूंचा तळ असणं हेच तिथलं दुखणं असावं. 'फोटोत फारसं काही नाही' म्हणून कानांकडे दुर्लक्ष करणं हीसुद्धा आकाराच्या भक्तीचीच दुसरी बाजू आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमधल्या मुलांची तपासणी होते, आणि त्यात कानांचे विकारही येतात. 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळालेल्या मुलाचे कान त्या पथकाकडून आवर्जून तपासून घ्यावेत.

सर्दीची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे ऑपरेशनचा विचार सुरू होतो तो बहुधा 'सारखी सर्दी होते' इथूनच, आणि नेमका तिथेच त्याचा आधार सर्वांत लंगडा आहे. नेदरलँड्समध्ये एक ते सहा वर्षांच्या १११ मुलांवर केलेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. वारंवार सर्दी होणाऱ्या या मुलांपैकी काहींचं अ‍ॅडिनॉइड काढलं, बाकीच्यांना तसंच ठेवलं. दोन्ही गटांत वर्षाला सरासरी आठच्या आसपास सर्दीचे आजार झाले. बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे त्याच्या वयाला धरूनच आहे. ती थांबवण्यासाठी भूल देऊन ऑपरेशन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाकाच्या एकाच बाजूनं घाण वास येणारं पाणी येत असेल, तर ते अ‍ॅडिनॉइड नव्हेच. तिथे आधी नाकात गेलेला मणी, चण्याची डाळ किंवा बटणासारखा सेल शोधायचा, आणि सेलची शंका असेल तर त्याच तासाला.

मग औषधं? नाकात मारायचे स्टिरॉइडचे फवारे सर्रास दिले जातात आणि त्यांनी काही मुलांना बरं वाटतं हे खरं. पण त्यात फवाऱ्याचं श्रेय किती? मेलबर्नमध्ये घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडखळणाऱ्या २७६ मुलांना सहा आठवडे एक तर मोमेटासोन या स्टिरॉइडचा फवारा दिला, नाही तर नुसत्या मिठाच्या पाण्याचा. २०२३ साली निकाल आला. स्टिरॉइडनं ४४ टक्के मुलांची लक्षणं गेली, मिठाच्या पाण्यानं ४१ टक्के मुलांची. म्हणजे तज्ज्ञाकडे, ऑपरेशनच्या रांगेत पाठवण्याआधी दीड महिना नियमितपणे मिठाच्या पाण्यानं नाक साफ ठेवणं हा एक खराखुरा उपचार ठरतो. त्यासाठीचं पाणी दुकानातलं निर्जंतुक किंवा उकळून गार केलेलं असावं. शिंका, डोळ्यांना खाज अशी अ‍ॅलर्जीची लक्षणं असलेल्या मुलाला स्टिरॉइडचा फवारा देण्यात अर्थ आहे. मॉन्टेलुकास्टच्या गोळ्या मात्र आपल्याकडे फार सहज दिल्या जातात. या औषधामुळे काही मुलांना भयंकर स्वप्नं पडतात, चिडचिड वाढते, मनःस्थिती बिघडते. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यावर आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गोळी सुरू झाल्यावर मूल रात्री दचकून उठू लागलं, तर ते 'लाडावलंय' असं न समजता डॉक्टरांना कळवायला हवं.

सर्वांत खोलवरचा आक्षेप आजीच्या तोंडून येतो: देवानं दिलेलं काढायचं कशाला? त्याला हसण्याचं कारण नाही. १९७१ साली असं दिसून आलं होतं की टॉन्सिल्स आणि अ‍ॅडिनॉइड काढल्यावर नाकामागच्या स्रावातली पोलिओविरोधी प्रतिपिंडं बरीच घटतात. म्हणजे हे ऊतक रिकामं बसलेलं नसतं. २०१८ साली डेन्मार्कमधल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवरून असं निघालं, की नऊ वर्षांच्या आत ही ऑपरेशनं झालेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त झाले. या अभ्यासावर मोठी चर्चा झाली, आणि त्यातला कच्चा दुवाही ध्यानात घ्यायला हवा. ज्या मुलांचं ऑपरेशन होतं ती मुळातच सर्दी-दमा-अ‍ॅलर्जीवाली असतात. पुढे त्यांना तेच आजार जास्त झाले तर दोष ऑपरेशनचा की मूळ प्रकृतीचा, हे नुसत्या नोंदींवरून ठरत नाही. टाळूत, घशात आणि जिभेच्या मुळाशी असं ऊतक आणखी असतं, त्यामुळे अ‍ॅडिनॉइड काढलेलं मूल निःशस्त्र होत नाही. तरीही आजीच्या आक्षेपातलं मर्म टिकतं. विनाकारण काढू नये. झोप मोडते, कान बंद आहेत, हे कारण. फोटोत मोठं दिसतं, हे कारण नव्हे.

चेहऱ्याचा प्रश्नही पालकांना छळतो. लांबट चेहरा, उघडे ओठ, वरचे दात पुढे, टाळूची कमान उंच अशा चेहऱ्याला डॉक्टरी भाषेत अ‍ॅडिनॉइडचंच नाव आहे. स्वीडनचे लिंडर-आरॉन्सन यांनी १९७० साली नाक बंद असण्याचा दातांच्या आणि जबड्याच्या ठेवणीशी संबंध मोजून दाखवला, आणि वाट मोकळी झाल्यावर काही बदल अंशतः मागे फिरतात हेही दाखवलं. पण चेहऱ्याची ठेवण आईबापांकडूनही येते. लांबट चेहऱ्याच्या घरातल्या मुलाचा चेहरा लांबट असला, तर गुन्हेगार गाठच असेल असं नाही.

सगळं तोलून ऑपरेशन ठरलंच, तर ते तोंडातून होतं. बाहेर कुठेही काप नसतो, टाके नसतात. पूर्ण भूल देऊन नुसतं अ‍ॅडिनॉइड काढायला अर्धा तास पुष्कळ होतो, आणि बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. तीन वर्षांखालच्या किंवा श्वास फार अडणाऱ्या मुलाला रात्रभर ठेवून घेतात. रक्तस्राव क्वचित होतो. तोंडाला आठवडाभर वास येतो, त्याला घाबरायचं नाही. अगदी लहान वयात काढलं तर ऊतक पुन्हा वाढू शकतं, कारण ते पिशवीत बसवलेलं नसतं, ते मुळासकट निघत नाही. सर्जननं आधी एक गोष्ट मात्र तपासलीच पाहिजे: पडजीभ दुभंगलेली आहे का, टाळू मधोमध पातळ आहे का. अशा मुलांचा टाळू आखूड पडतो आणि अ‍ॅडिनॉइडवर टेकूनच तो नाकाची वाट मिटवत असतो. ते पूर्ण काढलं तर बोलताना हवा नाकातून निसटू लागते आणि प्यायलेलं पाणी नाकात येतं. पहिले काही दिवस असं थोडंसं कुणाचंही होतं, पण सहा आठवड्यांनंतर ते राहायला नको. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीच्या भेटीत मुलाचं ऐकणं पुन्हा मोजायचं, रात्रीचं घोरणं गेलं का ते विचारायचं, चमचा नाकाखाली धरायचा आणि त्याला 'मामा' आणि 'बाबा' हे दोन्ही शब्द म्हणायला सांगायचे. 'मामा'चा अजून 'बाबा' होत असेल तर वाट अजून अडलेली आहे. 'बाबा'चा 'मामा' होऊ लागला असेल तर ती गरजेपेक्षा जास्त मोकळी झाली आहे, आणि मुलाला वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवायला हवं.